चारुलताबाईंचं आंटी-ऑक्सिडंट

"हळद झाली. डाळिंबाची सालं झाली. आवळा झाला. आता दारातला कढीपत्ता तेवढा राहिलाय. तो बी वाटून पाजा, आन् मला कुंडीत लावा!"

हे पुटपुटणं संडासाच्या पत्र्याच्या दारामागून येत होतं. दाराच्या अलीकडे, हातात पिवळ्याजर्द काढ्याचा पेला घेऊन, चारुलताबाई उभ्या होत्या. चोरून ऐकायची त्यांना सवय नव्हती हो! पण हैदराबादच्या अंबरपेठेतल्या त्या घरात ओट्यावरून हात लांब केला की संडासाची कडी हाताला लागायची. ऐकायचं नाही म्हटलं तर कान काढून शिंक्यावर ठेवावे लागले असते.

नवऱ्याचं असलं बोलणं ऐकून दुसरी बाई हिरमुसली असती. चारुलताबाई गालात हसल्या. त्या स्वप्नं बघणाऱ्यांतल्या होत्या, आणि स्वप्नं बघणाऱ्या बाईला टोमणा मारणं म्हणजे ढगाला चिमटा काढणं!

"दिवाळीला ह्यांना पोटभर चकल्या खायला घालून दाखवते," असं त्यांनी नांदेडच्या बहिणीला ठणकावून सांगितलं होतं. "आणि तेही तिखट!"

शिवराजरावांच्या मोठ्या आतड्याला सूज होती. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "आत जखमा असाव्यात. एकदा दुर्बीण घालून बघू." त्यातलं 'घालून' ऐकलं आणि शिवराजराव जे खुर्चीतून उठले, ते थेट बसस्टॉपवर जाऊन थांबले. परत त्या डॉक्टरांचं नाव घरात निघालं नाही.

नाव तर कशाचंच निघत नव्हतं. गडी शेतकऱ्याच्या घरातला, उदगीरकडचा; पोटाच्या तक्रारी चारचौघांत सांगायच्या असतात हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मग दोघांनी मिळून एक शब्द काढला. पोटात कळ आली, धावायची वेळ झाली, की शिवराजराव म्हणायचे, "चारू, पाव्हणे आले." की चारुलताबाई वाटेतलं स्टूल सरकवायच्या, बादली भरून ठेवायच्या. पाव्हणे पहाटे यायचे, जेवताना यायचे, केबलवर मॅच रंगात आली की हटकून यायचे! आणि पाव्हणे जाताना जे मागे ठेवून जायचे, त्याच्या रंगाचं नाव तर दोघंही घेत नव्हते. टमाट्यालासुद्धा त्या घरात 'पिकलेलं' म्हणायचे.

लपवायला कारणही तसंच होतं. शिवराजराव कुकटपल्लीच्या पंपांच्या कारखान्यात होते. देशाची दारं उघडली होती म्हणे, आणि त्या उघड्या दारातून कारखान्यात जर्मन भागीदार येणार होते. आता सगळं नवं होणार होतं: यंत्रं नवी, पाटी नवी, साहेबांची गाडी तर आलीसुद्धा होती. माणसं मात्र निवडून ठेवणार, अशी कुजबुज होती. धडधाकट असतील ती राहतील, बाकीच्यांना हार घालून घरी. तेव्हा शिवराजराव धडधाकट दिसायचे. पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडायचे, वर सैल शर्ट घालायचे, आणि अंबरपेठ ते कुकटपल्ली या वाटेवरच्या झाडून सगळ्या इराणी हॉटेलांत उतरायचे. वेटरांना वाटायचं, साहेब चहाचे काय शौकीन आहेत!

अशा वेळी घरात राणी आली, आणि तिच्याबरोबर ते औषध.

राणी म्हणजे शिवराजरावांची भाची. तारनाक्याला होस्टेलवर राहायची, तिथल्याच एका प्रयोगशाळेत उंदरांच्या आतड्यांवर काम करायची. रविवारी मामीच्या हातचं जेवायला यायची. मामाला काय झालंय ते तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे मामाला ठाऊक होतं. म्हणून तर दोघं नेहमी हवेवर बोलायचे. यंदा उकाडा फार आहे, वगैरे.

एकदा भांडी घासताना राणी म्हणाली, "मामी, लोखंड गंजतं ना, तसं शरीरात पण काहीतरी जळत-गंजत असतं. सूज आली की जास्तच. झाडपाल्यात काही द्रव्यं असतात, ती हे गंजणं अडवतात. हळदीत आहेत, आवळ्यात आहेत, डाळिंबाच्या सालीत आहेत. त्यांना म्हणायचं अँटिऑक्सिडंट."

"काय आंटी?"

"ऑक्सिडंट."

चारुलताबाईंच्या हातातली कढई हातातच राहिली. हैदराबादेत चाळिशी गाठलेली बाई म्हणजे आंटी. दूधवाल्याला आंटी, रिक्षावाल्याला आंटी, वरच्या मजल्यावरच्या पोरांना आंटी. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, ही हाक म्हणजे म्हातारपणाची पहिली घंटा! आणि आज कळतंय, की शास्त्रज्ञांनी औषधाला आपलंच नाव दिलंय!

"आम्ही उंदरांना हळदीचा अर्क दिला," राणी सांगत होती. "सूज उतरली. पण मामी, हे उंदरांचं झालं. पण माणसांचं अजून कुणाला माहीत नाही. पण मामांनी आधी ती दुर्बीण..."

स्वप्नाळू माणसाच्या कानाला चाळणी असते. 'पण' तेवढे वरच राहतात.

"उंदीर बरे झाले ना?"

"सूज उतरली. ते कसं कळतं, तेवढं विचारू नको."

"झालं तर मग!" चारुलताबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून दुपारी, गच्चीवर डाळिंबाची सालं वाळत घालून त्यांच्याशेजारी सावलीत टेकल्या की त्यांचे डोळे आपोआप मिटायचे. आणि मग दिसायचं ते असं. शिवराजरावांचं आतडं म्हणजे चारमिनारच्या मागची एक लांबच लांब, वळणावळणाची गल्ली. जागोजाग धुमसतंय. आणि त्या गल्लीत, पदर खोचून, डोक्यावर कळशा घेऊन, निघाल्यात बायका! हळदीच्या पिवळ्या लुगड्यातल्या, आवळ्याच्या हिरव्या लुगड्यातल्या, डाळिंबी काठाच्या. "अगं, इथं जळतंय!" "आले आले!" कळशी ओतायची, फूऽस करून धूर यायचा, की पुढच्या वळणावर. सगळ्या चाळिशीच्या, सगळ्यांचे गुडघे दुखणारे, आणि एकीला म्हणून उसंत नाही. गल्लीच्या टोकाला शिवराजराव गादीवर बसून निवांत चकली खातायत. तिखट!

डोळे उघडले की कावळा डाळिंबाची साल पळवत असायचा.

काढ्यानं पाव्हणे कमी झाले का? खरं सांगायचं तर नाही. जास्तच यायला लागले. पण चारुलताबाई म्हणत, "विझवताना धूर होतोच."

त्या मंगळवारी धूर फारच झाला. सकाळी शिवराजरावांना घराबाहेर पडवेना. त्यांनी रजा टाकली, आणि ओट्याशेजारच्या पत्र्याच्या दाराआडून सुरुवातीचं ते कुंडीचं पुटपुटणं झालं. चारुलताबाईंनी विचार केला, घरच्या काढ्यात जोर नाही. राणीच्या उंदरांचं अस्सलच आणलं पाहिजे. त्या तडक वरच्या मजल्यावर गेल्या. तिथं घरमालकीण रिझवाना आपा राहायच्या. सगळ्या बिल्डिंगीत फोन त्यांचाच. प्रयोगशाळेतल्या माणसानं सांगितलं, राणी मॅडम उंदरांच्या खोलीत आहेत.

"तिला निरोप द्या," चारुलताबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "मामांकडे पाव्हणे फार झालेत. उंदरांचं आहे ना, ते बाटलीभर पाठव म्हणावं. तोपर्यंत मी डाळिंबं वाढवते."

आणि त्या पिशवी घेऊन बाजारात निघून गेल्या.

तिकडे निरोप मिळताच राणीच्या हातून उंदीरच निसटला. प्रयोगाचा अर्क मामाच्या पोटात! तिनं धावत फोन गाठला. इकडे आपांच्या स्वयंपाकघरात इडलीचं पीठ वाटायला लावलेलं. ग्राइंडर असा घरघरत होता, जणू विमान छपरावर उतरतंय!

"आपा!" राणी ओरडली. "आंटी कू बोलो, अँटिऑक्सिडंट देना नक्को! सीरियस होजाता! डॉक्टर कू दिखाना बोलो! मैं आरी ऊँ!"

ग्राइंडरनं त्यातले 'नक्को' आणि 'बोलो' वाटून टाकले. आपांच्या कानात पोचलं ते एवढंच: आंटी. एक्सिडेंट. सीरियस. डॉक्टर. आरी ऊँ.

आपांच्या हातून फोन गळाला. त्या तशाच बाल्कनीत धावल्या.

"अगे इंदुताई! अपनी चारू आंटी का एक्सिडेंट होगया! सीरियस है बोलते!"

समोरच्या इंदुताई महिला मंडळाच्या सेक्रेटरी. बातमी हातात ठेवून बसणं त्यांना कधी जमलं नाही. त्यांनी खाली येणाऱ्या भाजीवालीला सांगितलं, तिनं गल्लीला सांगितलं, आणि इंदुताईंनी स्वतः आपांच्या फोनवरून थेट कुकटपल्लीला कारखान्यात कळवलं: शिवराजरावांना ताबडतोब घरी धाडा, मिसेसचा अपघात झालाय! आणि पलीकडचं उत्तर ऐकायच्या आत फोन ठेवला. शिवराजराव घरीच असतील हे कुणाच्या डोक्यात यावं? कामाच्या दिवशी धडधाकट माणूस घरी कसा असेल!

आणि तो धडधाकट माणूस या वेळी पत्र्याच्या दारामागे बसला होता. त्यानं सगळं ऐकलं. 'चारू आंटी' ऐकलं, 'एक्सिडेंट' ऐकलं, 'सीरियस' ऐकलं. पाव्हण्यांना निम्म्यात टाकून, पायजम्याची नाडी एका हातात धरून शिवराजराव बाहेर आले ते अनवाणीच रस्त्यावर. "कुठं? कुठं झाला? माझी चारू कुठं हाय?" कुणी म्हणालं छे नंबरच्या चौकात, कुणी म्हणालं अली कॅफेपाशी. शिवराजराव आधी इकडे पळाले, मग तिकडे पळाले, मग पोट धरून खांबाला टेकले.

चारुलताबाई या वेळी रिक्षात होत्या. सात जणांच्या रिक्षात मांडीवर डाळिंबांची पिशवी, आणि पिशवीवर शेजारच्या बाईचा मुलगा. प्रत्येक खड्ड्याला पिशवीत काहीतरी मऊ होत होतं. पण त्यांचे डोळे मिटलेले. गल्लीत नव्या डाळिंबी लुगड्यांच्या आंट्यांची कुमक येत होती.

घराजवळ उतरल्या तर ही गर्दी! त्या मागे उभ्या राहिल्या. टाचा उंचावून बघितलं. शेजारच्या अनोळखी बाईला विचारलं, "काय झालं हो?"

"एक्सिडेंट. एक आंटी का. बचती की नै की."

"अरेरे! कुठली गं बाई?"

"इसीच घर की."

चारुलताबाईंनी घराकडे बघितलं. घर त्यांचं होतं. दारातला कढीपत्ता त्यांचा होता. मधोमध नाडी धरून रडकुंडीला आलेला माणूसही त्यांचाच होता. क्षणभर त्यांना वाटलं, आपण खरंच गेलो असू. असंच असेल. मेलं की माणूस गर्दीच्या मागे उभं राहत असेल, हातात पिशवी घेऊन, आणि आपलं घर किती छान दिसतं ते बघत असेल. दुपारचं ऊन पिवळं होतं, आणि नवरा कित्येक दिवसांनी त्यांचं नाव एवढ्या मोठ्यानं घेत होता. मेल्याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही.

तेवढ्यात मागून किंकाळी आली.

"या अल्ला! खून!"

आपा त्यांच्या साडीकडे बोट दाखवत होत्या. पिशवीतून डाळिंबं फुटली होती, आणि पोटापासून निऱ्यांपर्यंत पातळ लालभडक झालं होतं!

मग काय विचारता! चारुलताबाईंना जमीन लागू दिली नाही. चौघींनी उचलून आत खाटेवर घातलं. इंदुताईंनी ग्लुकोजचं पाणी तोंडाला लावलं. कुणी पंखा घातला, कुणी न लागलेल्या कोपराला पट्टी बांधली.

"अहो, मला काही झालं नाही!"

"शॉक में है बेचारी," आपा डोळे पुसत म्हणाल्या. "ऐसाइच बोलते."

"ते डाळिंब आहे!"

"भ्रम!" इंदुताई म्हणाल्या. "डोक्याला मार आहे."

शिवराजराव गर्दीतून वाट काढत खाटेशी आले. त्यांनी बोट त्या लाल डागावर टेकवलं, जिभेला लावलं, आणि मटकन खाली बसले. "गोड हाय," एवढंच म्हणाले. पण त्यांचं कोण ऐकतो!

अशातच दारात चकचकीत गाडी थांबली. कारखान्याचे मॅनेजर हिम्मतराव, हातात फळांच्या रसाचे डबे घेऊन. "शिवराज! ताई कशा आहेत?" आणि त्यांच्या मागोमाग रिक्षातून उडी मारून राणी, घामाघूम, अंगावर पांढरा कोट.

"मामी! अपघात कसला? मी अँटिऑक्सिडंट म्हणाले! अँटि... ऑक्सि... डंट!"

"वोइच तो मैं बोली," आपा म्हणाल्या. "आंटी. एक्सिडेंट."

आधी इंदुताईंना हसू फुटलं. मग आपांना. मग पंखा घालणारीला. हसता हसता सगळा बायकांचा घोळका एकमेकींवर कलंडला. चारुलताबाई खाटेवर उठून बसल्या, कोपराच्या पट्टीसकट, आणि पदरात तोंड लपवून हसल्या. हिम्मतरावही खो खो हसले. मग डबे ठेवून म्हणाले, "लांबून आलो, जरा आत जाऊन येतो," आणि पत्र्याच्या दारामागे गेले.

शिवराजराव हसत नव्हते. ते भिंत धरून उभे राहिले. मघाशी निम्म्यात टाकलेले पाव्हणे, पळापळीनंतर, सगळ्या गोतावळ्यासह परत आले होते.

ते दाराशी गेले. हळूच टकटक केलं. "साहेब... पाव्हणे आलेत."

"असं का!" आतून आवाज आला. "बसवा ना त्यांना!"

"साहेब, ते बसत नसतात!"

"मग चहा टाका! मी आलोच!"

"साहेब, ते थांबायचे न्हाईत!"

"फार मानपान दिसतो बुवा तुमच्याकडे! कोण, सासरचे का?"

बायका पुन्हा हसल्या. "आम्हीच की पाव्हणे!" इंदुताई म्हणाल्या. "आणि आम्ही बसलोय सुद्धा!" चारुलताबाई मात्र खाटेवरून उतरल्या. त्या एकट्याच हसत नव्हत्या. शिवराजरावांच्या कपाळावर घामाचे थेंब होते, ओठांना सकाळच्या काढ्याचा पिवळा रंग होता, आणि त्या पिवळ्या रंगाखाली ओठ पांढरे होते. खिळ्यानं भोक पाडलेला पट्टा नव्हता, सैल शर्ट नव्हता. नुसत्या बनियनमध्ये ते कसे दिसतात हे त्यांनी कितीतरी दिवसांत नीट बघितलंच नव्हतं. बघताना डोळे मिटायची सवय लागली होती त्यांना.

त्यांनी स्वतः दारावर धाडकन थाप मारली. "भाऊसाहेब, बाहेर या! आत्ताच्या आत्ता!"

हिम्मतराव घाईघाईनं बाहेर आले. शिवराजराव आत गेले. दार लागलं.

घरात इतकी माणसं होती, आणि वरच्या मजल्यावरचा ग्राइंडरही थांबला होता. सगळ्यांनी उगाच छताकडे बघितलं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. शिवराजरावांनी तोंड धुतलं होतं. ते उंबऱ्याला टेकून उभे राहिले.

"शिवराज," हिम्मतराव हळू आवाजात म्हणाले, "ते अँटिऑक्सिडंट मग होतं कुणासाठी?"

"उन्हाळ्याचं जरा..." चारुलताबाई म्हणाल्या.

"अ‍ॅसिडिटी," राणी घाईनं म्हणाली.

"नजर लगी होगी," आपा म्हणाल्या.

चारुलताबाईंचे डोळे मिटले. लांबच लांब गल्लीत सगळ्या आंट्या थांबल्या होत्या. कळशा खाली ठेवून, कमरेवर हात देऊन त्या त्यांच्याकडेच बघत होत्या. दमल्या होत्या बिचाऱ्या. एकीनं म्हटलंसुद्धा, "आम्हाला एकट्यांना नाही गं झेपत हे."

"चारू, डोळे उघड," शिवराजराव म्हणाले.

त्यांनी उघडले. शिवराजराव त्यांच्या पातळावरच्या डागाकडे बघत होते. साहेब तिथंच उभे होते, इंदुताई होत्या, निम्मी गल्ली होती. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही.

"तुझं ते डाळिंब हाय," ते म्हणाले. "माझं डाळिंब न्हाई. मला रगत पडायलंय, चारू. लई दिवसांपासून रगत पडायलंय. आन् मला भ्या वाटायलंय."